कडू रसाचे गुण

कडू असेल तर औषधी असणारच, ही समजूत आपल्या घरांत इतकी मुरलेली आहे की तिची झडती घ्यावी असे कोणाला वाटत नाही. पाडव्याला कडुनिंबाची पाने चावणारे, साखर थोडी वाढलेली दिसली की उपाशीपोटी कारल्याचा रस सुरू करणारे, पुण्या-मुंबईच्या बागांबाहेर पहाटे गव्हांकुराच्या आणि आवळ्याच्या रसाच्या बाटल्या मांडून बसणारे, या सगळ्यांचा व्यवहार त्याच एका समजुतीवर चालतो. तोंड जितके वाकडे होईल तितका गुण अधिक. या समजुतीने अपायही केलेला आहे. 2010 साली दिल्लीत दुधीचा कडू रस प्यायल्यानंतर एक मृत्यू झाला, आणि पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञ समितीला स्पष्ट सांगावे लागले की दुधीचा रस कडू लागला तर तो पिऊ नये, टाकून द्यावा. कारण तो कडूपणा कुकर्बिटासिन या विषारी द्रव्यांचा असतो. ग्रेपफ्रूट या लिंबू-संत्र्याच्या गोतातल्या फळाच्या रसाबद्दल आपल्याकडे जे भक्तिभावाने बोलले जाते, त्यालाही या कडू-म्हणजे-गुणकारी विश्वासाचा मोठा आधार आहे, असे माझे मत आहे.

मी टेक्सासमध्ये, ऑस्टिन शहरात राहते. येथे नोव्हेंबरच्या आसपास दुकानांत तांबूस-पिवळ्या ग्रेपफ्रूटच्या जाळीदार पिशव्या येऊ लागतात आणि वसंत ऋतूपर्यंत येत राहतात. ही फळे राज्याच्या दक्षिण टोकाची, मेक्सिकोच्या सीमेला लागून असलेल्या रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यातली. तांबडे ग्रेपफ्रूट हे 1993 पासून टेक्सासचे राज्यफळ आहे आणि त्याबद्दल येथील लोकांना नागपूरकरांना संत्र्याबद्दल असतो तेवढाच अभिमान आहे. अभिमानाला कारणही आहे. मूळचे ग्रेपफ्रूट आतून पांढरट-पिवळे असते. 1929 साली याच खोऱ्यात मॅकअ‍ॅलन गावाजवळच्या एका बागेत गुलाबी जातीच्या झाडाला तांबड्या गराची फळे धरलेली दिसली आणि त्यातून ‘रूबी रेड’ ही जात पुढे आली. तो रंग आणखी गडद करण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील संशोधकांनी बियांवर आणि कलमाच्या काड्यांवर किरणोत्सर्गाचा मारा करून नवे वाण निवडले, आणि आज पिशवीत येते ते ‘रिओ रेड’ त्याच खटाटोपाचे फळ आहे. ‘आम्ही फक्त निसर्गाने दिलेले तेच पितो’ असे सांगत हा रस पिणाऱ्या परिचितांना ही हकिकत सांगण्याचा मोह मला दर हिवाळ्यात होतो. त्या प्रक्रियेने फळात किरणोत्सर्ग उरत नाही आणि पिण्यात धोकाही नाही, पण निसर्ग या शब्दाचा दाब थोडा कमी होतो.

मुळात हे फळ निसर्गाच्याही एका अपघाताचे अपत्य आहे. आग्नेय आशियातून वेस्ट इंडीज बेटांवर गेलेले पपनस आणि गोड संत्रे यांचा तेथे आपोआप संकर झाला. 1750 साली ग्रिफिथ ह्यूज या पाद्र्याने बार्बाडोस बेटाच्या वर्णनात ‘निषिद्ध फळ’ म्हणून एका फळाची नोंद केली, आणि तीच ग्रेपफ्रूटच्या पहिल्या नोंदींपैकी एक मानली जाते. गेल्या वर्षी माझे वडील सावंतवाडीहून काही महिने येथे राहायला आले होते. पहिले फळ चिरले तेव्हा त्यांनी एक पाकळी हातात घेऊन पापुद्रा सोलला, वास घेतला आणि म्हणाले, “अगं, हे तर आपल्या पपनसाचं धाकटं भावंड दिसतंय.” नाते सांगायचे तर ते भावंड नसून लेकरू आहे, पण हाताला लागलेली ओळख बरोबर होती.

चिरल्यावर याची रचना नीट पाहता येते. जाड साल, तिच्या आत पांढरा, स्पंजासारखा थर, मग पाकळ्या वेगळ्या करणारे पापुद्रे आणि त्यांच्या आत रसाच्या टपोऱ्या पिशव्या. कडूपणा मुख्यतः त्या पांढऱ्या थरात आणि पापुद्र्यांत असतो. नरिंजिन हे त्या द्रव्याचे नाव. म्हणून अर्धे फळ हाताने हलके पिळले तर रस आंबट-गोड आणि जेमतेम कडवट लागतो, आणि यंत्रात दाबून, पापुद्रे चुरडून काढला तर घशाशी रेंगाळतो. दुसरा कडूपणा लिमोनिनचा. तो आपल्याकडच्या प्रत्येकाने चाखलेला आहे, कारण मोसंबीचा रस काढून तासभर ठेवला की जो कडू होतो तो यामुळेच: ताज्या फळात या द्रव्याचे बेचव पूर्वरूप असते, आणि फळ फोडले गेले की रसातल्या आम्लामुळे त्याचे हळूहळू लिमोनिन बनते. त्यामुळे ग्रेपफ्रूटचा रस काढून लगेच प्यावा, हा सल्ला जिभेच्या दृष्टीने अगदी योग्य आहे.

आता गुणांकडे. साधारण दोन मध्यम फळे पिळली की अडीचशे मिलिलिटरचा पेला भरतो. त्यात सुमारे 90 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, आणि प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 तर स्त्रीला 65 मिलिग्रॅम लागते असे आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे प्रमाण सांगते. म्हणजे एका पेल्यात दिवसाची गरज भागून थोडे उरते. चारशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते. तांबड्या जातीत टोमॅटोतले लायकोपीन हे तांबडे रंगद्रव्य असते, पांढऱ्या जातीत ते नसते. आणि ज्यांच्या ताटात लोह येते ते पालेभाज्या, डाळी आणि बाजरी-नाचणीतूनच, अशा शाकाहारी माणसांसाठी एक गुण मला बाकी सर्वांपेक्षा मोलाचा वाटतो: वनस्पतींतले लोह आतड्यात सहज शोषले जात नाही, आणि त्याच जेवणात क जीवनसत्त्व असले तर ते अधिक शोषले जाते. जेवणानंतर लगेच घेतलेला चहा नेमका उलटा परिणाम करतो. रक्तात लोह कमी असलेल्या आपल्याकडच्या असंख्य बायकांना कोणी जेवणानंतरच्या चहाऐवजी हा रस दिला, तर ते उपकारच होतील. मात्र तेच काम ताटात पिळलेले लिंबू, पेरूची फोड किंवा आवळ्याची कोशिंबीरही तितक्याच चोखपणे आणि पुष्कळ स्वस्तात करते, हेही तेथेच नोंदवून ठेवावे लागते. ग्रेपफ्रूटचे म्हणून जे गुण सांगितले जातात, त्यांतले बहुतेक लिंबू-संत्र्याच्या सगळ्या गोताचे सामाईक गुण आहेत.

खास याच फळाचा म्हणून दाखवता येईल असा एक चांगला प्रयोग फ्रान्समध्ये झाला आणि त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. रजोनिवृत्ती झालेल्या 48 निरोगी स्त्रियांना सहा महिने रोज 340 मिलिलिटर ग्रेपफ्रूटचा रस आणि सहा महिने तेवढीच ऊर्जा व क जीवनसत्त्व असलेले, पण फळातली फ्लॅव्हनोन द्रव्ये नसलेले पेय देण्यात आले. रसाच्या काळात धमन्यांचा ताठरपणा कमी आढळला. रक्तदाबात मात्र फरक पडला नाही. ताठरपणा कमी होणे ही चांगली गोष्ट आहे. पण त्यावरून हृदयविकार टळतो असे सांगण्यापर्यंत जी उडी मारली जाते, ती त्या प्रयोगाने मारलेली नाही. नरिंजिन कडू असले तरी याच फ्लॅव्हनोन कुळातले आहे, त्यामुळे कडूपणाची बाजू येथे थोडी वर राहते, हे मी प्रामाणिकपणे मान्य करते.

वजनाची कथा यापेक्षा मजेशीर आहे. जेवणाआधी ग्रेपफ्रूट खाल्ले की त्यातले काही द्रव्य चरबी जाळते, ही कल्पना 1930च्या दशकात हॉलीवूडच्या नावाने निघालेल्या आहारातून पसरली आणि तेव्हापासून दर पिढीत नव्याने उगवते. त्या आहारात दिवसाला आठशे कॅलरींच्या आसपासच अन्न दिलेले असे. एवढ्यावर राहणाऱ्या माणसाने ग्रेपफ्रूटऐवजी काकडी खाल्ली असती तरी तो वाळलाच असता. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 91 लठ्ठ व्यक्तींना बारा आठवडे जेवणाआधी अर्धे फळ, रस, फळाची कॅप्सूल किंवा नुसती खोटी कॅप्सूल देण्यात आली; फळ खाणाऱ्यांचे सरासरी 1.6 किलो, रस पिणाऱ्यांचे 1.5 किलो आणि खोटी कॅप्सूल घेणाऱ्यांचे 0.3 किलो वजन उतरले. जाहिरातींत हेच आकडे फिरतात. पुढे 2012 साली अ‍ॅरिझोनात 74 जणांवर झालेल्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात, दर जेवणाबरोबर अर्धे फळ खाऊनही इतरांच्या तुलनेत वजनात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. वरचा रक्तदाब थोडासा उतरला. हे आकडे जाहिरातींत फिरत नाहीत. जेवणापूर्वी पाणीदार, कमी उष्मांकाचे काही पोटात गेले की पुढचे जेवण थोडे कमी जाते, याहून मोठे रहस्य त्यात नाही.

शिवाय रस आणि फळ यांत फरक आहे. एका पेला रसात बावीस ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे पाच चमचे. ती फळाचीच आहे, वरून घातलेली नाही, हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटना फळ पिळून काढलेल्या रसातली साखर ‘मुक्त साखरे’त मोजते आणि अशी साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवावी असे सुचवते. फळ पिळताना चोथ्याबरोबर जवळजवळ सगळा तंतू मागे राहतो आणि दोन फळे जी खायला पंधरा मिनिटे लागली असती ती तीन घोटांत पोटात जातात. मधुमेही माणसाने कडू आहे म्हणून या रसावर भरवसा ठेवू नये; कडूपणाच्या आड साखर लपून बसते एवढेच. मुतखड्याचा इतिहास असलेल्यांनीही जरा थांबावे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत रोज एक पेला ग्रेपफ्रूटचा रस पिणाऱ्या स्त्रियांत मुतखड्याचे प्रमाण 44 टक्क्यांनी अधिक आढळले होते. त्याउलट, हा रस प्यायल्यावर खडा होण्यास अडथळा करणारे सायट्रेट लघवीत वाढते असे दाखवणारे प्रयोगही आहेत, आणि या दोहोंचा मेळ अजून नीट बसलेला नाही.

इथवरचे सगळे कोणत्याही फळाबद्दल कमीअधिक लिहिता आले असते. ग्रेपफ्रूटची गोष्ट वेगळी होते ती औषधाच्या गोळीपाशी, आणि ती गोष्ट हाती लागली तीही योगायोगाने. 1980च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील लंडन या शहरात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा काय परिणाम होतो ते तपासत होते. मद्याची चव स्वयंसेवकांना कळू नये म्हणून त्यांनी ते ग्रेपफ्रूटच्या रसात मिसळले. रक्त तपासले तेव्हा औषधाचे प्रमाण अपेक्षेच्या कित्येक पट निघाले, आणि मुख्य म्हणजे ज्यांच्या पेल्यात मद्य नव्हते त्यांच्याही रक्तात तसेच निघाले. बेलींनी स्वतःवर प्रयोग करून पाहिला. पाण्याबरोबर घेतलेली गोळी आणि रसाबरोबर घेतलेली तीच गोळी यांत तोच फरक. संत्र्याच्या रसाने तसे होत नव्हते. हे निष्कर्ष 1989 आणि 1991 साली प्रसिद्ध झाले तेव्हा न्याहारीच्या टेबलावरचा एक पेला असे काही करू शकतो यावर अनेकांचा विश्वास बसला नाही.

कारण असे. आपण गिळलेल्या पुष्कळ औषधांचा मोठा भाग रक्तापर्यंत पोहोचतच नाही. आतड्याच्या अस्तरातच सीवायपी3ए4 नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याची मोडतोड करते. औषधाची मात्रा ठरवताना ही गळती हिशेबात धरलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्ये, विशेषतः बर्गामोटिन आणि त्याचे भाऊबंद, त्या विकराला कायमचे निकामी करतात. नवे विकर तयार होईपर्यंत गळती बंद राहते, आणि मग ठरल्या मात्रेची गोळी दोन किंवा तीन गोळ्यांसारखी वागते. येथे एक गंमत आहे. सुरुवातीला संशय आला तो कडू नरिंजिनवरच, पण ते सुटले. खरी करामत करणारी द्रव्ये वेगळी निघाली आणि त्यांचा कडूपणाशी संबंध नाही. म्हणजे जिभेला जे औषधासारखे लागते ते या विकराच्या बाबतीत जवळपास निरुपद्रवी, आणि ज्याची जीभ दखलही घेत नाही ते खरे प्रबळ.

याचा व्यवहारातला अर्थ असा की रस सकाळी आणि गोळी रात्री घेऊन सुटका होत नाही, कारण एका पेल्याचा परिणाम चोवीस तास आणि त्याहूनही अधिक टिकतो. कोलेस्टेरॉलसाठी दिले जाणारे सिम्व्हास्टॅटिन रोज एक पेला रसाबरोबर घेतल्यास रक्तातील प्रमाण तिपटीहून अधिक वाढते, आणि या औषधाचा अतिरेक झाला तर क्वचित स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांवर घाला येऊ शकतो. मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर घेतली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस, हृदयाच्या ठोक्यांसाठीचे अमियोडॅरोन, रक्तदाबाची फेलोडिपिन आणि निफेडिपिन हीही त्याच यादीत येतात. बेलींनी 2013 साली केलेल्या आढाव्यात अशा औषधांची संख्या 85 च्या पुढे गेलेली होती, आणि त्यांतल्या चाळीसहून अधिक औषधांच्या बाबतीत परिणाम गंभीर होऊ शकतो असे म्हटले होते. दिलासा एवढाच की एकाच दुखण्यावरची सगळी औषधे या जाळ्यात सापडत नाहीत. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिनवर फारसा परिणाम होत नाही, रोझुव्हास्टॅटिनवर होत नाही, आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनवर होतो पण तो सिम्व्हास्टॅटिनइतका नाही; बदल करायचा की नाही हे अर्थातच डॉक्टरांनी ठरवायचे.

वडिलांच्या बाबतीत आमच्या घरी घडले ते याच्या अगदी उलट. डिसेंबर उजाडला की ऑस्टिनच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवरील ज्युनिपरच्या झाडांचे पराग पिवळ्या धुरासारखे उडू लागतात आणि निम्मे शहर शिंकते. अण्णाही शिंकू लागले. दुकानात मिळणाऱ्या, झोप न आणणाऱ्या फेक्सोफेनाडिनच्या गोळ्या मी त्यांना आणून दिल्या, आणि ते त्या न्याहारीच्या वेळी समोरच्या ग्रेपफ्रूटच्या रसाबरोबर नेमाने घेत राहिले. शिंका थांबेनात. “इथल्या गोळ्यांत काही दम नाही,” असा त्यांचा निकाल होता. शेवटी त्यांनीच चष्मा पुसून खोक्यावरचा बारीक मजकूर वाचला आणि मला हाक मारली. “हे बघ, फळांच्या रसाबरोबर घेऊ नका असं लिहिलंय. मग पाण्याबरोबर का नाही सांगितलंस?” मजकूर बरोबर होता. येथे मोडतोडीचा प्रश्न नसतो. या औषधाला आतड्यातून रक्तात उचलून नेणारी जी वाहक प्रथिने आहेत त्यांनाच रस अडवतो, आणि औषध जवळपास निम्म्यापर्यंत कमी पोहोचते. संत्र्याचा आणि सफरचंदाचा रसही हेच करतो. हा परिणाम काही तासांतच ओसरतो, म्हणून गोळी पाण्याबरोबर आणि रस बऱ्याच वेळाने, एवढ्या बदलाने काम भागले. शिंका पूर्ण थांबल्या नाहीत, कारण ज्युनिपरच्या हंगामात त्या कोणाच्याच थांबत नाहीत.

खोक्यावर ते लिहिलेले होते म्हणून अण्णांना वाचता आले. आपल्याकडे औषधाच्या दुकानात दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून कागदी पाकिटात मिळतात; माहितीपत्रक खोक्यातच राहते आणि नाव छापलेला तुकडाही कित्येकदा दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेलेला असतो. डॉक्टर सांगतात ते ‘जेवणानंतर’ किंवा ‘झोपताना’ एवढेच. ग्रेपफ्रूट आपल्याकडे फारसे पिकत नाही, म्हणून यात काय अडले असेही कोणी म्हणेल. शहरांतल्या मोठ्या दुकानांत ते आणि त्याचा खोक्यातला रस दोन्ही आता सहज मिळतात, पण मला त्याहून जवळची काळजी पपनसाची वाटते. फ्युरॅनोकुमॅरिन ग्रेपफ्रूटमध्ये आली आहेत ती पपनसाच्या वारशाने. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सूचनेत ग्रेपफ्रूटच्या जोडीला पपनस आणि मार्मालेडसाठी वापरले जाणारे कडू सेव्हिल संत्रे यांचीही नावे आहेत, आणि पपनस खाल्ल्यानंतर प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तात टॅक्रोलिमस वाढल्याची नोंदही वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. या द्रव्यांचे प्रमाण जातीजातीत आणि झाडाझाडात बदलते, त्यामुळे परसातल्या पपनसाची अमुक इतकी फोड चालेल असे कोणालाही मोजून सांगता येत नाही. ज्याच्या गोळ्या यादीत नाहीत त्याने मात्र ते निर्धास्त खावे. माझ्या मते रसापेक्षा पापुद्रा सोलून खाल्लेली पपनसाची पाकळी केव्हाही सरस आहे.

अण्णा उन्हाळ्याआधी परत गेले. भाद्रपदात गणपतीच्या वरती माटवी, म्हणजे फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, बांधताना आमच्याकडे पपनस असतेच, आणि विसर्जनानंतर ते फोडून प्रसादात वाटतात. या वेळी माटवी बांधायच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन करून, कोणाकोणाला ते द्यायचे नाही, असे विचारले. आम्ही दोघांनी येणाऱ्या माणसांच्या गोळ्या आठवत बसून यादी केली. बहुतेकांना अडचण नव्हती. एका नात्यातल्या काकांचे मूत्रपिंड बदललेले आहे आणि ते टॅक्रोलिमस घेतात. त्यांच्या द्रोणातून पपनस वगळून सफरचंदाची फोड घालायची, आणि कारण विचारलेच तर सांगायचे, असे ठरले.